जिन्याखालचं गार पाणी

ते भांडण लोण्यावरून झालं. मी स्वयंपाकघरात होते आणि मध्ये नुसती फळ्यांची भिंत, त्यामुळे मी ते ऐकलं म्हणण्यापेक्षा ते माझ्या कानात येऊन पडलं. भिंतीपलीकडे जिना आणि जिन्याखाली एक दगडी खोली, अर्धी जमिनीत गेलेली. भर उन्हाळ्यात तिथे उतरलं की तळपाय गार पडायचे. आमच्या यांचं घराच्या पुढच्या अंगाला किराणा मालाचं दुकान होतं. लोणी आणि अंडी त्या खोलीत ठेवायची हे माझ्या सासऱ्यांच्या वेळेपासून चालत आलेलं. त्या दिवशी हे लोण्याचा डबा घेऊन खाली उतरले, तर डब्याच्या जागी एक पसरट पांढरा टब, टबात वीतभर पाणी, पाण्यात दगड, आणि शेजारी उकिडवे बसलेले माझे धाकटे दीर.

"घर माझं की तुझ्या किड्यांचं?" हे म्हणाले.

भावजींनी सांगितलं की घर दोघा भावांचं, किड्यांना फक्त कोपरा हवाय. यावर यांनी विचारलं की मग लोणी काय मी डोक्यावर घेऊन बसू. भावजी म्हणाले, बस, केस तरी येतील. आमच्या यांना तेव्हाच टक्कल पडायला लागलं होतं, त्यामुळे पुढचं थोडा वेळ मला नीट कळलं नाही, दोघंही एकदम बोलत होते. मग हे मोठ्यानं म्हणाले, "जगात किडे कमी पडले होते का रे, म्हणून घरात आणलेस?"

"हे कमी पडलेत, दादा," भावजी म्हणाले. "हेच कमी पडलेत."

त्यावर यांनी भावाशी अबोला धरला. कितीतरी दिवस दोघा भावांचं टपाल खातं मी चालवलं. वहिनी, दादाला सांगा भात पुढे कर. अगं, त्याला सांग हात आहेत तुला. शेवटी यांनी दुकानातला खडू घेतला आणि खोलीच्या मधोमध जमिनीवर रेघ मारली. रेघेच्या अलीकडे लोणी, पलीकडे किडे. लोण्याच्या बाजूला किड्याचं पाणी येता कामा नये आणि हे स्वतः रेघेपलीकडे पाऊल टाकणार नाहीत, असा तह झाला. रेघ पुसट झाली की हे जाऊन पुन्हा ओढून यायचे. दुकानाच्या पाटीला रंग द्यायला त्यांना कधी सवड झाली नाही, पण ती रेघ कायम ताजी असायची.

आता दोघंही नाहीत, म्हणून हे लिहायला माझा हात धजतो. एक जरी असता तरी मी गप्प बसले असते. मोठ्याला ते सोसलं नसतं, आणि धाकट्यानं मला माफ केलं नसतं.

भावजी पाणीखात्यात होते. आमची गल्ली संपते तिथे लाँड्री, मग लाकडाची वखार, आणि मग रस्ता टेकडीला चढायला लागतो. त्या चढावर लोखंडी दाराची एक दगडी खोली आहे. आत झरा. एके काळी आमचा सगळा भाग त्या झऱ्याचं पाणी प्यायचा. भावजी नोकरीला लागले ते त्या खोलीवर. गाळ काढायचा, जाळीत अडकलेली पानं काढायची, दगड खराट्यानं घासायचे, कुलूप लावायचं. पुढे मोठी पाइपलाइन आली, घरोघर नळ आले, झऱ्याचं पाणी गटारात सोडून दिलं आणि भावजींना पंपावर बदललं. पण झऱ्याची किल्ली त्यांच्याकडून परत मागायचं कुणाला सुचलं नाही. भावजी कामावर जाण्याआधी झऱ्यावर जाऊन गाळ काढून यायचे. हे म्हणायचे, पगार एका बायकोला आणि जीव दुसरीवर.

एक दिवस एक बाई किल्ली विचारत घरी आली. गुडघ्यापर्यंत बूट, गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग. ती कॉलेजात शिकवायची आणि पाण्यातल्या बारीक जीवांचा अभ्यास करायची. आम्ही तिला भिंगवाली बाईच म्हणायचो, तिच्या तोंडावरसुद्धा, आणि तिला ते आवडायचं. भावजी तिला झऱ्यावर घेऊन गेले. ती ओल्या दगडावर पालथी पडली आणि टॉर्च लावून इतका वेळ तशीच राहिली की भावजींना वाटलं हिला चक्कर आली. मग तिनं मान न वळवता हळूच हाक मारली, इकडे या, पाय न वाजवता.

दगडाच्या खालच्या अंगाला एक करडा तुकडा सरकत होता. नखाच्या कातरणाएवढा. पाय नाहीत, वळवळ नाही, काचेवरून तेलाचा थेंब ओघळावा तसा सरळ चाललेला. भिंगातून बघितल्यावर त्याला त्रिकोणी डोकं दिसलं आणि डोक्यावर दोन डोळे, इतके जवळ की बिचारा जन्मापासून तिरळा. बाईनं त्याचं मोठं लांबलचक नाव सांगितलं. आम्ही त्यांना चपटे म्हणायला लागलो.

त्या संध्याकाळी भावजी जेवले नाहीत. मी ताट झाकून ठेवलं तेव्हा म्हणाले, "वहिनी, मला ते पानाचे तुकडे वाटायचे. इतकी वर्षं खराट्यानं किती झाडून टाकले असतील मी."

मी म्हटलं, तुम्हाला काय माहीत. ते म्हणाले, तेच तर.

बाईनं सांगितलं ते मला समजलं तसं सांगते. हे चपटे पूर्वी टेकडीच्या या अंगाच्या सगळ्या झऱ्यांत होते. काही झऱ्यांवर घरं झाली, काहींत कचरा भरला, काही आटले. आता फक्त हा एक झरा उरला होता. पाणी जरा कोमट झालं की त्यांचा जीव जातो. नळाच्या पाण्यात तर लगेच जातो, कारण त्यात जंतू मारायचं औषध असतं आणि ते औषध काही विचारत नाही की बाबा तू जंतू आहेस की आणखी कोण. आणि मेले की मागे काही राहत नाही. साबणाच्या झिजल्या तुकड्यासारखे विरघळून जातात. मेलेला चपटा भावजींनी कधी हातात घेतला नाही, कारण घ्यायला काही नसतंच.

मग आमच्या भागात बोअर खोदायची लाट आली. ज्याच्या त्याच्या अंगणात यंत्रं घरघरायला लागली आणि झऱ्याची धार बारीक होत होत करंगळीएवढी झाली. उन्हाळ्यात त्या खोलीतलं साचलेलं पाणी हाताला ऊन लागायला लागलं. बाई घाबरली. तिनं आणि भावजींनी मिळून मऊ ब्रशानं होते तेवढे चपटे उचलले आणि भावजींना ठाऊक असलेल्या सगळ्यात गार खोलीत आणले. ती खोली म्हणजे आमची. लोण्याची.

बाईचा बेत असा होता की टेकडीच्या पलीकडे एक झरा आहे, पाणी चांगलं पण कचऱ्यानं बुजलेला. तो साफ करायचा, भोवती कुंपण घालायचं, सरकारी परवानग्या मिळवायच्या आणि मग चपट्यांना तिथे सोडायचं. तोवर हे बियाणं सांभाळायला हवं. तिनं भावजींना सांगितलं होतं की याला वर्षं लागतील. निम्मे ती कॉलेजात ठेवणार होती, पण एवढेसे तर आहेत, वाटणी केली तर दोन्हीकडे संपतील, आधी वाढू देत, असं दोघांनी ठरवलं. म्हणजे जगात जे काही चपटे होते ते सगळे आमच्या जिन्याखाली, लोण्याशेजारी. हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं होतं.

वाढायला ते फार आळशी. मोहरीएवढं काळं अंडं दगडाला चिकटवायचे आणि त्यातून कधी काही निघायचं, कधी नाही. भावजी उजाडताच प्लॅस्टिकचा कॅन घेऊन झऱ्यावर जायचे. कॅनभोवती ओलं गोणपाट गुंडाळलेलं, म्हणजे वाटेत पाणी तापू नये. त्या कॅनला आणि भावजींच्या हातांना साबण वर्ज्य. हात राखेनं धुवायचे आणि मग झऱ्याच्याच पाण्यात विसळायचे. टबातलं अर्धं पाणी काढायचं, अर्धं नवं घालायचं, फडक्यातून, धार भिंतीवर सोडून. उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक चिमूटभर टाकायचा आणि खाऊन उरलेला रबरी नळीनं ओढून घ्यायचा. दगड उलटून बघायचा तर होता तसाच परत ठेवायचा, त्याच अंगावर. आमच्याकडे सणासुदीला काय, कुणाच्या लग्नाला काय, भावजी कधी मुक्कामाला राहिले नाहीत. कुणी आग्रह केला की म्हणायचे, एक दिवस चुकला तर बिघडतं.

उन्हाळ्यात खोलीचा गारवा पुरायचा नाही. मग ते बर्फाच्या कारखान्यातून गोणपाटात बर्फ आणायचे, तो फोडून एका रुंद पत्र्याच्या डब्यात भरायचे, डब्याला रबराचं कडं असलेलं घट्ट झाकण, आणि तो बंद डबा टबात तरंगत सोडायचा. कडं सुकू नये म्हणून मी त्याला तेलाचं बोट लावून द्यायची. आमच्या यांना यातलं दिसायचं ते एवढंच की भाऊ टपटपणारं गोणपाट खांद्यावर टाकून दुकानातून जातोय आणि फरशी ओली करतोय. बर्फ खाली गेला हे त्यांना ठाऊक. डब्याचं काही ठाऊक नव्हतं, कारण ते सगळं रेघेच्या पलीकडे चालायचं.

भावजींचं लग्न झालं नाही. जमत मात्र आलं होतं. कोपऱ्यावर दोरे-बटणांचं दुकान होतं, तिथे काम करणारी. हसरी होती, हिशेबी होती, आमच्या यांनाही पसंत होती. भावजींनी तिला खाली नेऊन भिंग दिलं. मी दारात उभी. ती म्हणाली, हा माझ्याकडे तिरळं बघतोय. भावजी म्हणाले, नाही, तुझ्या शेजारी बघतोय, म्हणजे माझ्याकडे. दोघं इतकी हसली की टबातलं पाणी हललं आणि भावजींनी तिला आणि स्वतःलाही गप्प केलं. पण तिची आई दुसऱ्या गावी एकटी, अंथरुणाला खिळलेली. लग्न करून तिकडेच राहू, असं तिचं म्हणणं. त्यात गैर काहीच नव्हतं. तिकडे पंपावर नोकरी मिळालीही असती. भावजींनी खूप दिवस घेतले आणि मग तिला सांगितलं की टेकडीपलीकडचा झरा तयार होईपर्यंत थांबशील का. ती म्हणाली, माझ्या आईला तेवढा वेळ नाही. ती गेली. नंतर तिचं लग्न झाल्याचं कळलं तेव्हा भावजी म्हणाले, बरं झालं, आणि खाली उतरून बराच वेळ वर आले नाहीत. आमच्या यांनी त्या दिवशी किड्यांवरून एकही टोमणा मारला नाही, यावरून काय ते समजा.

एरवी मात्र टोमण्यांना खंड नव्हता. चपट्यांना हे "पाहुणे" म्हणायचे. पाहुणे जेवले का. पाहुणे जाणार कधी. पाहुण्यांना विचार, दुकानात हातभार लावता का. आणि अंडी आली की हेच सगळ्यात ताजं एक बाजूला काढून ठेवायचे. मी बघितलं की म्हणायचे, हे तडकलेलं आहे. तडकलेलं नसायचं.

असं करत केस पांढरे झाले. भावजी निवृत्त झाले, माझी मुलं मार्गी लागली, भिंगवाल्या बाईलाही चष्मा लागला. तिची एकेक परवानगी येत गेली. पलीकडच्या झऱ्यातला कचरा निघाला. पुढच्या थंडीत सोडू, असं बाई म्हणाली आणि भावजींनी आयुष्यात पहिल्यांदा मिठाईचा पुडा आणला. टबात तेव्हा बऱ्यापैकी चपटे झाले होते. कुठलाही दगड उलटला तरी खाली दोन-चार दिसायचे.

तो उन्हाळा वाईट होता. लोक दुपारी दारं लावून बसत. भावजींना ताप भरला आणि तापात ते बडबडायला लागले. डॉक्टरांनी औषध दिलं आणि हलवू नका म्हणाले. मी वरच्या खोलीत त्यांच्या कपाळावर पट्ट्या ठेवत बसलेली, खाली जायला फुरसत नाही. ते मधूनमधून डोळे उघडायचे आणि "पाणी" म्हणायचे. मी भांडं तोंडाशी नेलं की मान फिरवायचे. त्यांना ते पाणी नको होतं, हे मला कळत होतं, पण मी कुठे कुठे पुरणार.

हे जिन्यात उभे राहून ऐकत होते. दुकान बंद केलं, खाली उतरले, खडूची रेघ ओलांडली आणि टबात हात घातला. पाणी ऊन झालेलं. मग हा माणूस, ज्यानं उन्हात उभं राहावं लागेल म्हणून कधी स्वतःच्या मालाची गाडी उतरवून घेतली नाही, तो भर दुपारी बर्फाच्या कारखान्यापर्यंत चालत गेला. गोणपाट खांद्यावर टाकून परत आला. शर्ट पाठीला चिकटलेला, चेहरा लालबुंद. खाली जाऊन बर्फ फोडला आणि स्वतःच्या हातानं, सगळ्या बाजूंनी सारखा पडेल असा, टबात घातला.

मला ते नंतर कळलं. हे वर आले तेव्हा दारातच उभे राहून म्हणाले, "त्याला सांग काळजी करू नको. मी पाणी थंडगार करून आलोय." इतकं समाधान मी यांच्या चेहऱ्यावर आमच्या मुलांच्या जन्माच्या वेळीही पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी भावजींना झोप लागली तेव्हा मी खाली गेले. फळीवर पत्र्याचा डबा होता. कोरडा, झाकण लावलेला. बर्फाचा एक खडाही उरला नव्हता, सगळा पाण्यात मिळून गेलेला. बर्फाच्या कारखान्यात नळाचंच पाणी. गोठलं म्हणून त्यातलं औषध कुठे जातं? जमिनीवर रेघेच्या अलीकडे पलीकडे यांच्या ओल्या चपलांचे ठसे होते आणि रेघ मधोमध पुसली गेली होती. मी दगडाला हात लावला नाही. ते काम भावजींचं. उगाच मनाला सांगत राहिले की दगडाखाली असतील, दिवसा ते कधी दिसतात?

ताप उतरल्यावर भावजी भिंतीला धरून खाली आले. मी मागे. टबाकडे बघून त्यांनी विचारलं की पाणी एवढं चढलं कसं. मी म्हटलं, यांनी बर्फ आणला होता. भावजींनी फळीवरच्या डब्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. माझ्या तोंडावर काय होतं कोण जाणे. ते खाली बसले. पहिला दगड उलटला आणि तसाच परत ठेवला. मग दुसरा. एकेक करून सगळे दगड उलटले आणि प्रत्येक होता तसा, त्याच अंगावर, हळूच ठेवला, कुणी झोपलेलं उठू नये असा. दगडांना चिकटलेली मोहरीएवढी अंडी होती, तीही पांढरट पडून सुटायला लागली होती. भावजी रडले नाहीत. हात पाण्यात तसेच धरून बसून राहिले.

वरून दुकानातून यांचा आवाज आला, "काय रे? जगले का तुझे पाहुणे?"

भावजींनी माझ्याकडे बघून ओठांवर ओलं बोट ठेवलं. मग वर मान करून म्हणाले, "जगले, दादा. तू होतास म्हणून जगले."

एवढ्या एका वाक्यानं पुढची सगळी वर्षं बांधून घेतली. कारण त्या दिवसापासून आमचे हे पार बदलले. गिऱ्हाईक साखर मागायला आलं की साखरेआधी त्याला ऐकावं लागायचं की जगात आता एवढेच उरलेत आणि ते आमच्या जिन्याखाली आहेत, आणि एकदा भर उन्हाळ्यात कसा प्रसंग आला होता. दर खेपेला तो उन्हाळा आणखी तापायचा आणि बर्फाचा कारखाना आणखी लांब जायचा. लोण्याचा डबा यांनी आपण होऊन वर हलवला. सगळी खोली पाहुण्यांना. खडू पुन्हा कधी हातात घेतला नाही. तडकलेलं अंडं आता उघडपणे, बघून बघून निवडायचे आणि विचारायचे, आवडलं का त्यांना? भावजी सांगायचे, बोटं चाटत होते. हे म्हणायचे, बोटं कुठायत त्यांना, मूर्खा. आणि दोघं हसायचे. दोघा भावांना असं एकत्र हसताना मी तोवर क्वचितच पाहिलं होतं. मी चुलीकडे तोंड करून उभी राहायची.

भिंगवाल्या बाईला भावजींनी खरं सांगितलं. तिला कसं फसवणार? ती जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली आणि चष्मा काढून बुटांवरचा चिखल पुसायच्या फडक्यानंच डोळे पुसायला लागली, तेव्हा मी तिला माझा रुमाल दिला. म्हणाली, निम्मे मी न्यायला हवे होते. भावजी म्हणाले, आपण दोघांनी ठरवलं होतं. मग त्यांनी तिला दादाचं सांगितलं. बाईनं ऐकून घेतलं. तेवढ्यात हे चहा घेऊन स्वतः खाली आले आणि विचारलं, कसे आहेत, बाई? तिनं भिंग डोळ्याला लावलं, रिकाम्या टबावर वाकली आणि म्हणाली, छान आहेत. त्यानंतरही ती पूर्वीसारखी महिन्या-महिन्याला येत राहिली. बाकीचे दिवस ती टेकडीवरचे राहिलेसाहिले ओलावे धुंडाळत फिरायची, कुठे एखादा चुकून राहिला असेल म्हणून. कुठेच नव्हता.

थंडीत पलीकडचा झरा तयार झाला. बाईनं भावजींना बघायला नेलं आणि भावजी मलाही घेऊन गेले. पाणी कसं, आरशासारखं. तळाला धुतलेले दगड रचलेले, भोवती तारेचं कुंपण, झाडाची सावली. भावजींनी पाण्यात हात घातला आणि म्हणाले, बरोब्बर आहे. किती गार आहे बघा वहिनी. मीही हात घातला. खरंच, आमच्या खोलीपेक्षा गार होतं. आम्ही तिघं तिथे उभी होतो आणि सोडायला हातात काही नव्हतं. परतताना भावजींनी मला एवढंच म्हटलं की दादाला सांगू या, अजून थोडे वाढू देत, मग सोडू. ते ऐकून हे खूश झाले. म्हणाले, घाई कशाला, इथे काय कमी आहे त्यांना?

आणि पाणी रोज येत राहिलं. मला सुरुवातीला वाटलं, भावजी नावापुरता कॅन भरून आणतील, नाहीतर नळाचंच ओततील, कोण बघतंय. तसं झालं नाही. तेच गोणपाट, तेच राखेनं धुतलेले हात, अर्धं जुनं पाणी काढायचं, अर्धं नवं घालायचं. उन्हाळ्यात बंद डब्यात बर्फ. मी एकदा न राहवून विचारलं, भावजी, एवढं नेमानं कशाला? ते म्हणाले, वहिनी, खोटं नीट करावं लागतं. मग म्हणाले, आणि समजा, एखादं अंडं कुठे फटीत राहिलं असलं तर.

काही राहिलं नव्हतं. ते त्यांनाही ठाऊक होतं.

पुढे यांचे गुडघे गेले. जिना उतरणं बंद झालं. दुकान मुलानं सांभाळायला घेतलं आणि हे दुकानाच्या दारात खुर्ची टाकून बसायचे. भावजी झऱ्यावरून आले की खबर विचारायचे आणि भावजी रोज नवीन काहीतरी सांगायचे. आज दोघं एकाच दगडावर होते. आज धाकट्यानं बलक पळवला. हे डोळे मिटून ऐकायचे. यांना कधी संशय आला का, असं मला माझी सून विचारते. नाही आला. आला असता तर हे गप्प बसले नसते. मनातलं मनात ठेवणं यांना कधी जमलंच नाही. ती विद्या सगळी धाकट्याकडे गेली होती.

भावजींना दम लागायला लागला होता. टेकडी उतरून वखारीपाशी बसून, मग लाँड्रीपाशी बसून, असे ते यायचे. मुलानं गाडीवर नेऊन आणतो म्हटलं तर कॅन हिंदकळतो म्हणाले. ज्या दिवशी ते गेले, त्या दिवशी सकाळी त्यांचे ओठ निळसर दिसत होते. हे खुर्चीतून म्हणाले, "आज राहू दे रे. एका दिवसानं काय बिघडतंय?"

"बिघडतं, दादा," भावजी म्हणाले आणि कॅन घेऊन निघाले.

यायला नेहमीपेक्षा वेळ लागला. कॅन अर्धाच भरलेला होता, पण गोणपाट ओलं होतं. मी खाली त्यांच्या मागे गेले. त्यांनी हात राखेनं धुतले. टबातलं थोडं पाणी काढलं, आणलेलं पाणी फडक्यातून भिंतीवर धार सोडून ओतलं. यांनी निवडून दिलेल्या अंड्याचा बलक चिमूटभर टाकला, थोडं थांबले, आणि रबरी नळीनं तो सगळाच्या सगळा ओढून घेतला. एक दगड जरा सरकला होता, तो होता तसा केला. वर येऊन दादाच्या खुर्चीपाशी उभे राहिले, श्वास जमवला.

"बरे आहेत?" यांनी विचारलं.

"बरे आहेत. एक मोठा आज उजेडात आला होता, तुझ्यासारखा टकल्या."

हे हसले. भावजींनी कॅन खुंटीला उपडा अडकवला, गोणपाट पिळून कठड्यावर वाळत घातलं आणि जरा पडतो म्हणून आत गेले.